टाळी पडायच्या आधी

पार्सल आलं तेव्हा सही करायला माझा चष्मा सापडत नव्हता. कुरियरवाला फाटकात एक पाय मोटरसायकलवर ठेवून उभा. "मॅडम, जल्दी करो ना, फॉरेन का है," म्हणाला. जसं काही फॉरेनच्या पार्सलला उन्हाचा जास्त त्रास होतो. आमचं भिवंडीजवळचं पूर्णा म्हणजे आता गोदामांचं गाव. अर्ध्या देशाच्या चपला, मिक्सर, पुस्तकं आणि डायपर आमच्या जुन्या शेतांवरून रवाना होतात. पण माझा हा एवढासा खोका तीन आठवडे कुठे कुठे हिंडून, शेवटी आमच्याच घरामागच्या गोदामात दोन दिवस मुक्काम करून, मग फाटकात आला. हसावं की रडावं कळेना. सही कुठे केली तेही दिसलं नाही.

खोक्यात एक कॅसेट होती. तिच्याभोवती गुंडाळलेलं पत्र, माझ्याबरोबर रेकॉर्डिंग करणाऱ्या यानच्या बहिणीचं. यान हिवाळ्यात गेला, झोपेतच गेला, त्याच्या टेबलाच्या वरच्या खणात ही होती, तिच्यावर तुझं नाव आहे म्हणून तुला पाठवते आहे, एवढंच. कॅसेटच्या पट्टीवर यानचं ते तिरकं अक्षर. वर माझं नाव, खाली 'आत्या'. अठ्ठावीस वर्षांत शाई फिकट झाली होती, पण वाचता येत होती.

मी ओटीवर बसले. समोर खाटेवर आत्या होती. जनाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, शहाऐंशी वर्षांची. तिला पाऊणशे माणसांची नावं तोंडपाठ असायची, आता माझंही नाव सकाळी असतं आणि दुपारी नसतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कोनाचा कागद आयला?"

"कुणाचा नाही, आत्या."

"तू कोनाची गं?"

मी बापाचं नाव सांगितलं. तिनं मान डोलावली आणि मग, रोज सगळ्यांना सांगते तेच, मलाही सांगितलं, "माज्याकरनं एका पोरीचं लगीन अर्धं रायलं बग. बिचारी रायली तशीच."

ती पोरगी मीच. आत्याला ते ठाऊक नसायचं, आणि मला तिच्या तोंडावर सांगायचा धीर व्हायचा नाही. निवृत्त होऊन दादा-वहिनीकडे राहायला आले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षं मी हे वाक्य ऐकत होते. वहिनी म्हणाली होती, "आत्या वज्रेश्वरीला नवस बोलल्यात तुमच्यासाठी. किती वर्षं पायी जायच्या. आम्हाला सांगायच्या नाहीत कशाला ते." बाकी सगळं आत्याच्या डोक्यातून हळूहळू निसटत चाललं होतं, आणि नेमकं हेच ओझं तेवढं घट्ट राहिलं होतं. ते कुणीतरी उतरवायला हवं होतं, आणि ती विसरून जायच्या आत उतरवायला हवं होतं.

आत्या धवलारीण. आमच्या आगरी लोकांत पूर्वी लग्न लावायची ती धवलारीण. भटजी नंतर आले. मांडवाच्या पहिल्या खांबापासून ती गायला लागते. देवांना बोलावते, गावदेवीला बोलावते, मेलेल्या आज्या-पणज्यांना नाव घेऊन बोलावते, मग हळद, मग तांदूळ, मग नवरानवरीची नावं, आणि त्या गाण्यातच लग्न लागतं. ते गाणं म्हणजे धवला. त्याला ना पेटी लागते ना ढोलकी. दोन बायका ओळ उचलतात आणि दोन झेलतात, बस. शेवटी टाळी पडते. टाळी पडली की लग्न लागलं. आमच्याकडे पत्रिकेवरचा मुहूर्त कुणी विचारत नाही, "टाळी कवाची?" असं विचारतात.

माझ्या कानात पहिलं जे काही शिरलं ते आत्याचा आवाज आणि त्याच्याबरोबर ओल्या हळदीचा वास. अजूनही कुणी हळद कुटली की मला गाणं ऐकू येतं. मांडवात आंब्याच्या ओल्या टहाळ्यांचा वास, उंबराच्या फांदीचा, बायकांच्या नव्या लुगड्यांना येणाऱ्या खळीचा. आणि खाडीवरून येणारं खारं वारं. मिठागरांवर मिठाच्या राशी पडलेल्या असायच्या. त्या उन्हात इतक्या पांढऱ्या दिसायच्या की डोळे मिटावे लागायचे, आणि मिटल्या डोळ्यांनी मी धवला ऐकायचे. शब्द कळत नसत. कळायचा तो आत्याचा दमसास. एक ओळ संपून दुसरी सुरू होताना ती जो श्वास घ्यायची, तो मला पाठ होता.

दुसरं गाणं भिवंडीचं. वडील बाजाराला न्यायचे, एसटीतून उतरलं की लूमचा आवाज सुरू व्हायचा तो परतीच्या एसटीत बसेपर्यंत. गल्लीगल्लीत खटक-खटक. मला वाटायचं, शहर म्हणजे हा आवाज आणि तो बंद करायचं बटण कुणालाच सापडत नाही. एकदा मात्र वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत एका माडीवरून कव्वालीची तालीम ऐकू आली. एकच माणूस, एकच ओळ, पुन्हा पुन्हा. त्याला ती जमत नव्हती. वडील सुतळी घेत होते, मी रस्त्यात उभी. ओळ जमली त्याच क्षणी वीज आली आणि पुन्हा खटक-खटक. पुढे जगभरातली भली भली गाणी ऐकली, पण त्या ओळीचं पुढे काय झालं हे मला कधीच कळलं नाही. माझ्या आवडत्या गाण्यांची यादी कुणी मागितली तर मी तिला पहिला नंबर देते, आणि मागणारा वहीत काय लिहावं म्हणून थांबतो.

माझ्या नोकरीचं नाव मोठं होतं. आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक कार्य. दादा त्याला 'नाचगाण्याचं हापिस' म्हणायचा, आणि ते जास्त बरोबर होतं. मुंबईत टायपिस्ट म्हणून लागले, मग एका देशातून दुसऱ्या देशात, पंचवीस-तीस वर्षं. एका देशातले गाणारे दुसऱ्या देशात न्यायचे, त्यांना गाऊ द्यायचं, आणि न हरवता परत पोचवायचं. ऐकायला भारी वाटतं. खरं काम म्हणजे व्हिसा, घोंगड्या, गरम पाणी आणि कुणाला काय पचत नाही त्याची यादी. आफ्रिकेतल्या एका अंगणात एक म्हातारा कोरा नावाचं एकवीस तारांचं वाद्य वाजवत होता. मी काय ऐकणार, माझं लक्ष त्याच्या अनवाणी पायांकडे, कारण दुसऱ्या दिवशी त्याला बर्फात न्यायचं होतं. मोजे शोधता शोधता मागून जे ऐकू आलं ते अजून ऐकू येतं. कॉकेशसच्या डोंगरात जेवणाच्या टेबलावर तिघेजण तीन वेगळ्या सुरांत गायले, आणि ते तीन सूर जिथे एकमेकांना घासत होते तिथे समोरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं. मी ते बघितलं आहे, ऐकीव नाही. पण कुणी विचारलं की सगळ्यांत काय आवडतं, तर मी सांगते, गाणं सुरू होण्याआधीचं. तारा जुळवतात ते, घसा खाकरतात ते, आणि त्यानंतरचा एक श्वास.

हे मला शिकवलं यानने. तो रेकॉर्डिंग करायचा. उंच, वाकलेला, कानाला कायम ते हेडफोन. कुणी गायला बसलं की तो मशीन गाण्याआधी पूर्ण एक मिनिट चालू करायचा. मी चिडायचे, टेप फुकट जाते म्हणून. तो म्हणायचा, ही खोली गाते आहे, तिचं ऐकून घेऊ आधी. अकरा वर्षं आम्ही बरोबर काम केलं. गाड्या, बोटी, थंडगार सभागृहं, स्टेशनवरचा वाईट चहा. तो माझा होता, एवढं इथे लिहून टाकते. साठी उलटल्यावर लाजायला काही राहत नाही. पुढे का नाही झालं ते मात्र विचारू नका. मलाच नीट सांगता येत नाही, आणि सांगितलं तर दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाटते.

आत्याला हॉलंडला न्यायची कल्पना माझीच. तिकडे समुद्राकाठच्या एका गावात स्त्रियांच्या गाण्यांचा उत्सव होता. आयोजकांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझ्या घरातच आहे की! पण इकडे घरी एक मोठी पंचाईत होती. आत्या लग्नाशिवाय धवला म्हणत नसे. याआधी मी दोनदा टेप घेऊन आले होते, दोन्ही वेळा तिनं विचारलं होतं, "लगीन कोनाचं?" कुणाचंच नाही म्हटल्यावर तिनं मला सुका जवळा निवडायला बसवलं होतं. जगातल्या गाणाऱ्यांना मी माइकसमोर बसवलं, घरची बाई मात्र बधत नव्हती. पण परदेश म्हटल्यावर ती काय वाटून हो म्हणाली, देव जाणे. पासपोर्टच्या कागदांवर मी तिचा व्यवसाय 'गायिका' लिहिला. तिनं वाचून दाखवायला लावलं.

"मी गानारी न्हाय," ती म्हणाली. "मी लगीन लावते."

"आत्या, त्याला रकाना नाही."

"मंग रकाना करायचा."

मी हसून सोडून दिलं. हीच माझी चूक. जन्मभर लोकांना समजावत हिंडले की प्रत्येक गाण्याला त्याचं घर असतं, आणि माझ्या घरच्या गाण्याला मी रकान्यात कोंबलं.

हॉलंडमध्ये तिला सगळ्यांत आवडले ते बांध. समुद्र मागे सारून केलेली जमीन, कडेला मातीचे उंच बांध. खारजमीन कसलेल्या बाईला ते सांगावं लागलं नाही. ती पदर खोचून बांधावर चढली, टाचेनं माती दाबून पाहिली. "बांध बरा हाय. पन इकरं खेकरं पोखरीत न्हाय काय?" यानला मी हे सांगितलं तर तो ते गंभीरपणे लिहून घ्यायला लागला. दुसऱ्या दिवशी कुणा पाणीखात्यातल्या माणसाला विचारून आला की खेकडे नाही, पण उंदीर पोखरतात. आत्याला ते पटलं. तेव्हापासून तिचं आणि त्याचं जमलं. तो तिच्यासाठी उकडलेले बटाटे घेऊन यायचा, ती त्याला 'यानू' म्हणायची. मला म्हणाली, "गोरा हाय, पन भुकेला दिसतो. त्याला कोनी वाढत न्हाय काय?"

दुपारचा कार्यक्रम होता. जुन्या चर्चमध्ये, उंच छत, रंगीत काचांतून आलेलं ऊन लाकडी बाकांवर. दीडेकशे माणसं. आत्या हिरवं लुगडं नेसून मंचावर मध्ये उभी, मी शेजारी. आणि ऐन वेळी तिनं माझा दंड धरला.

"नावं कोनाची घेऊ?"

"कुणाचीही घे गं."

"कोनाचीबी कशी? नावं घेतली का लगीन लागतं."

बाकांवरचे लोक वाट बघत होते. यान कोपऱ्यात, हेडफोन लावून. त्याचं ते एक मिनिट केव्हाच चालू झालं होतं. मी घाईत, वैतागून, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडी खूश होऊन म्हटलं, "माझं घे."

"न् नवरा?"

मी नुसतं कोपऱ्याकडे बघितलं. आत्यानंही बघितलं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत एकदा पारखलं, जसं मांडवात बघतात तसं. मग डोळे मिटले आणि धवला उचलला.

त्या उंच छताखाली आमची गावदेवी आली. वज्रेश्वरी आली. माझी पणजी आली, जिला मी पाहिलं नव्हतं. मग माझं नाव आलं, आणि पाठोपाठ "यानू". ती ओळ म्हणताना आत्याचा आवाज जरा खाली उतरला, मऊ झाला. तिनं श्वास घेतला. तोच, मला पाठ असलेला. पुढे हळद यायची होती.

आणि दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांची काय चूक? गाणारी बाई थांबली, त्यांना वाटलं संपलं. चांगल्या मनाची माणसं, उभी राहून वाजवत होती. आत्या मात्र डोळे उघडून बघतच राहिली. मी खुणा केल्या, पुढे म्हण, पुढे म्हण. तिनं हात जोडले आणि मंचावरून खाली उतरली. अर्ध्या तासाचा कार्यक्रम सात मिनिटांत संपला. लोकांना ते फारच आवडलं. एवढ्यात सगळं सांगितलं म्हणाले. मी तिच्यामागे धावले. ती मागच्या खोलीत एका खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर.

"आत्या, अगं त्यांना कळलं नाही. पुन्हा म्हणूया."

"टाली परली," ती म्हणाली. "टालीनंतर काय म्हनायचं? हलद न्हाय, तांदूल न्हाय, टाली तेवरी परली."

मला वाटलं, थकली असेल. मी चहा आणला. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि मी तो एक गमतीदार किस्सा म्हणून कितीतरी जेवणांच्या टेबलांवर सांगितला. लोक पोट धरून हसायचे. यान कधी हसला नाही. ती टेप त्यानं संस्थेच्या कपाटात ठेवलीच नाही हे मला आता कळलं. आणि आत्या इकडे दर वर्षी वज्रेश्वरीला पायी जात राहिली. मी सुटीत एकटीच यायचे, ती माझ्या गळ्याकडे बघायची आणि मला वाटायचं, सोन्याबद्दल काही म्हणायचं असेल.

तर पार्सल आलं. कॅसेट हातात होती, पण वाजवायची कशावर? माळ्यावरचा माझा जुना प्लेअर मेला होता. तो पिशवीत घालून भिवंडीला गेले. लूमच्या गल्लीत अजून एक दुरुस्तीवाले चाचा आहेत, पांढरी दाढी, भिंगाचा एक चष्मा कपाळावर आणि एक डोळ्यांवर. त्यांनी प्लेअर उघडला, आतली धूळ फुंकली.

"बाजी, इसका पट्टा गल गया है. आजकल कौन सुनता है ये?"

"मी ऐकते," मी म्हटलं.

"तो बैठो मग," ते अर्ध्या मराठीत म्हणाले. तासभर लागला. बाजूला लूम चालू, चहा आला, मी लोखंडी स्टुलावर. पट्टा बसला आणि चाचांनी परीक्षेसाठी कॅसेट घातली. आधी नुसतीच खरखर. मी मनात म्हटलं, हे यानचं मिनिट. खोली गाते आहे. मग आत्या. त्या खटक-खटक आवाजातून तिचा तो एका दमात चढत जाणारा आवाज आला. चाचांनी दुकानातला पंखा बंद केला, तेवढाच त्यांच्या हातात होता. ऐकत राहिले. टाळ्या झाल्या, पावलं वाजली, टेप संपली.

"शादी का है ना?" त्यांनी विचारलं. "आमच्या मोहल्ल्याच्या मागे तुमच्या लोकांचं गाव होतं. हल्दी के टाइम पे ऐकू यायचं. पर ये तो आधा है, बाजी. बाकी किधर है?"

बाकी घरी खाटेवर बसली आहे, असं मी सांगितलं नाही. रिक्षात बसले आणि अंजूरफाट्यापर्यंत रडत आले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि गाणी लावली होती ती बारीक केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या आधी, मी प्लेअर ओटीवर आणला. दादा बाहेर गेला होता. वहिनी सुपात तांदूळ निवडत बसली होती. आत्या जरा बरी होती, म्हणजे आज तिला मी सकाळपासून 'बाय' तरी होते. रस्त्यावरून कंटेनर जात होते, ओटीची फरशी हलत होती. मी बटण दाबलं.

आत्या ऐकायला लागली. मान तिरकी केली.

"कोन म्हनते गं? दम चांगला हाय हिचा."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. देव आले, गावदेवी आली, पणजी आली. आत्याचे ओठ हलायला लागले होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. माझं नाव आलं. यानू आला. आणि टाळ्या.

आत्या खाटेवरून अर्धी उठली. "थांबा! थांबा! टाली कोनी दिली? हलद रायली! ओ, टाली कोनी दिली?" ती माझ्याकडे, वहिनीकडे, फाटकाकडे बघत होती, कुणालातरी थांबवायला हवं होतं आणि कुणाला ते तिला कळत नव्हतं. वहिनी सूप टाकून तिला धरायला धावली. मला माझीच भीती वाटली. म्हातारीचं ओझं उतरवायला निघाले आणि पुन्हा तिच्याच डोक्यावर आदळलं, असं वाटलं.

मग मला सुचलं, किंवा हातांना सुचलं. तीस वर्षं मी टेपा मागेपुढे करण्यात घालवलीत. मी टेप मागे घेतली. थोडी जास्त मागे गेली, थोडी पुढे घेतली. "यानू" आलं, तो श्वास आला, आणि त्या श्वासावर मी बटण बंद केलं.

ओटीवर काहीच आवाज नव्हता. एक कंटेनर गेला, मग तोही नाही.

"टाळी नाही पडली, आत्या," मी म्हटलं. "कुणीच नाही दिली. पुढे हळद आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. कोण आहे ते ओळखलं की नाही मला सांगता येणार नाही. ती खाटेवर नीट बसली, पदर डोक्यावरून घेतला, आणि उचललं. आवाज उरला नव्हता, काठी टेकत चालावं तसा चालत होता. पण जागा सगळ्या जिथल्या तिथे. हळद आली. ती जात्यावर दळायची, ओली करायची, पानावर ठेवायची, सगळं गाण्यात आलं. तिला आज जेवली की नाही ते आठवत नव्हतं, आणि हळदीला पाणी कुठल्या विहिरीचं ते आठवत होतं. ती विहीर बुजवून तिच्यावर गोदाम झालं त्याला कितीतरी वर्षं झाली. मध्येच तिनं वहिनीकडे हात केला.

"हलद आन."

वहिनी उठली, स्वयंपाकघरातून मसाल्याच्या डब्यातली हळद वाटीत कालवून आणली आणि दारातच थबकली. पत्र तिला मीच वाचून दाखवलं होतं. यान नाही हे तिला माहीत होतं. तिच्या डोळ्यांत सरळ विचारणा होती: अहो, मेलेल्या माणसाचं लग्न लावायचं? अपशकुनाला आमच्याकडे सगळे भितात, मीही भिते. पण मी मान हलवली. लाव म्हटलं. माझ्या कपाळाला, मग गालांना, मग हातांना. वहिनीचा हात थंड होता. साठी उलटलेल्या नवरीला हळद लागली आणि त्या वासानं मला मिठागरं दिसली, डोळे मिटायला लावणारी.

तांदूळ सुपात होतेच. ती ओळ आली तशी आत्यानं सुपाकडे बोट केलं, वहिनीनं मूठ भरून माझ्या डोक्यावर टाकली. एक-दोन खडेही पडले, निवडायचे राहिले होते. आणि पुन्हा ती दोन नावं, या वेळी जोडीनं, आणि आत्याचा आवाज जरा खाली उतरून मऊ झाला, अगदी तिथे झाला होता तसाच. ती थांबली. हा श्वास वेगळा होता. हा शेवटचा असतो, हे मला माहीत होतं.

"आता द्या टाली," ती म्हणाली.

नवरीनं टाळी द्यायची नसते. वहिनीनं एकटीनंच दिली, हळदीच्या हातांनी. फाटकाबाहेर एक ट्रक ड्रायव्हर पाण्याची बाटली भरायला थांबला होता, त्यानं वळून बघितलं.

मी टेप चालू केली नव्हती. फोनही आत होता. जन्मभर जे काम केलं ते नेमकं त्या वेळी सुचलंच नाही, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. आत्याचा चेहरा सैल पडला होता. किती दिवसांनी, कपाळावरची ती आठी नव्हती. तिनं माझी हनुवटी धरून वर केली.

"नाव घे, बाय."

मला उखाणा येत नव्हता. कधी शिकायची वेळच आली नव्हती. या घरात ते नाव मी आजवर एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं; कामाचा माणूस, रेकॉर्डिंगवाला, तिकडचा तो, असंच म्हणत आले होते. मी नुसतं नाव घेतलं.

"यान."

"मोठ्यानं घे. मांडवात लोकं हायेत."

"यान," मी म्हटलं. रस्त्यापर्यंत गेलं असेल.

"यानू," तिनं दुरुस्त केलं, आणि समाधानानं मागे टेकली. मग काहीतरी राहिल्यासारखी पुन्हा वहिनीकडे वळली. "त्याला वाढा आता. कवाचा भुकेला बसलाय."

वहिनीनं पदरानं डोळे पुसले, गालांवर हळद लागली. घरात आम्ही तिघीच होतो. ती आत गेली आणि तिनं चार ताटं घेतली.